रक्तपिपासूंच्या सहा बैठका: आधी काय वाचायचं, कोणती प्रत दाखवायची?

कट्टेकरी_राजारामपुरी

मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात आमचा छोटा वाचनकट्टा आहे. पावसाळ्यात सहा शनिवारी संध्याकाळी रक्तपिपासू पिशाचांचं साहित्य आणि त्यावरून निघालेले चित्रपट घ्यायचं ठरतंय. एक बैठक अडीच तासांची, माणसं तीस-पस्तीस, प्रवेश विनामूल्य. ड्रॅक्युला सगळ्यांना नावाने माहीत आहे, पण पुस्तक पुरतं वाचलेले दोघं-तिघंच. खालच्या गोष्टींवर जाणकारांचं मत हवं आहे.

सुरुवात थेट ड्रॅक्युलापासून करावी की त्याच्याही मागे जावं? चित्रपट कोणते, आणि त्यांची कोणती प्रत? उन्हात भस्म होणं, काळा झगा, सुळे यातलं मूळ पुस्तकात किती आहे? ड्रॅक्युलाचं मूळ मानला जाणाऱ्या वालाकियाच्या (आजच्या रुमानियातल्या) व्लाद राजाबद्दल एक बैठक ठेवावी का? वेताळ पंचविशीला या यादीत जागा आहे का? आणि हे सगळं सभागृहात दाखवायला कायद्याची आडकाठी येते का?

एका बैठकीत थोडं अभिवाचनही करायचं आहे. आमच्याकडे दोन हौशी नट आहेत.

---

रंकाळ्याकाठी

मागे जाच, पण फार नको. गावाकडच्या समजुतींवर पहिल्या बैठकीतली वीस मिनिटं पुरतात. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिलोव्हा गावी पेटर प्लोगोयोविट्सचं आणि १७३१-३२ मध्ये मेदवेजा गावी आर्नोल्ड पाओलेचं, अशी दोन प्रकरणं ऑस्ट्रियन अंमलदारांनी लिहून ठेवली. मेदवेज्याचा अहवाल फ्लुकिंगर या लष्करी शल्यवैद्याचा आहे. उकरलेलं प्रेत फुगलेलं, तोंडाशी ओलं रक्त, नखं वाढलेली, असं त्यात येतं. शरीर कुजताना वायूने पोट फुगतं, त्या दाबाने काळपट द्रव तोंडा-नाकातून बाहेर येतो, आणि कातडी आक्रसल्यामुळे नखं लांब भासतात. हे कारण तिथेच सांगून टाका, नाहीतर पुढची चर्चा "खरंच असं घडलं होतं का" यावरच अडकते.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की त्या अहवालांतलं पिशाच म्हणजे लाल तोंडाचा, सुजलेला गावकरी. फिकट चेहऱ्याचा, दिवाणखान्यात वावरणारा उमराव त्यात कुठेच नाही. तो आणला जॉन पोलिडोरीने.

१८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि १८१६ चा युरोपातला उन्हाळा पावसात गेला. जिनिव्हाजवळच्या व्हिला दियोदातीत कवी बायरन आणि शेली, मेरी गॉडविन (पुढची मेरी शेली) आणि बायरनचा डॉक्टर पोलिडोरी अडकून पडले. भुताच्या गोष्टी लिहायची टूम तिथेच निघाली. मेरीची फ्रँकेन्स्टाइन त्यातूनच आली. बायरनने एक तुकडा लिहून सोडून दिला. त्याच्या आधारावर पोलिडोरीने 'द व्हॅम्पायर' लिहिली, आणि एप्रिल १८१९ मध्ये ती लंडनच्या एका मासिकात बायरनच्या नावावर छापली गेली. खपली ती त्या नावामुळे. पोलिडोरी १८२१ मध्ये पंचविशीतच गेला. त्यातला लॉर्ड रुथवेन म्हणजे सरळसरळ बायरनची नक्कल, आणि ते आडनावसुद्धा बायरनच्या जुन्या प्रेयसीने त्याच्यावर सूड म्हणून लिहिलेल्या कादंबरीतून उचललेलं. कथा मोठ्याने वाचायला तासभर लागतो, म्हणून पहिल्या बैठकीला ती पूर्ण वाचा. सारांश सांगून तिची मजा जाते.

दुसरी बैठक पूर्णपणे 'कार्मिला'ची ठेवा, हा माझा आग्रह आहे. शेरिडन ल फॅन्यूने ती १८७१-७२ मध्ये लिहिली, म्हणजे ड्रॅक्युलाच्या पंचवीस वर्षं आधी. प्रकरणं सोळा, सलग वाचली तर तीन तास, त्यामुळे घरून वाचून यायला सांगा. एकाकी वाडा, पाहुणी म्हणून आलेली मुलगी, रात्री पलंगाशी येणारं मोठ्या मांजरासारखं काळं जनावर, जाणकार म्हातारा, आणि शेवटी थडग्यात घातलेला खुंट: ड्रॅक्युलाचा लेखक ब्रॅम स्टोकर याने पुढे वापरलेला बहुतेक ऐवज इथे आहे. तिचा प्रदेश ऑस्ट्रियातला स्टायरिया. स्टोकरच्या टिपणांतही सुरुवातीला त्याच्या पिशाच सरदाराचं ठिकाण स्टायरियाच होतं, ट्रान्सिल्व्हानिया नंतर आलं. लेखन म्हणून मला 'कार्मिला' ड्रॅक्युलाहून जास्त घट्ट वाटते.

'व्हार्नी'च्या वाटेला जाऊ नका. १८४५ ते १८४७ या काळात एक पेनीच्या अंकांतून निघालेली ती मालिका शब्द वाढवण्यासाठी लिहिलेली आहे आणि मध्येच स्वतःचं कथानक विसरते. पहिलं प्रकरण तेवढं वाचा, कारण लांब सुळे आणि मानेवरचा चावा तिथे स्पष्ट येतो.

ड्रॅक्युला २६ मे १८९७ रोजी आली. एकूण सत्तावीस प्रकरणं. वेळ नसलेल्यांना पहिली चार, मग ७, १५, १६, १८, २१ आणि २७ अशी दहा सांगा. कथानक बऱ्यापैकी हाती लागतं. अभिवाचनाला सातवं प्रकरण घ्या: बल्गेरियातल्या वार्ना बंदरातून निघालेल्या डिमिटर जहाजाच्या कप्तानाची रोजनिशी. एकेक खलाशी नाहीसा होतो आणि नोंदी आखूड होत जातात. एकाने कप्तान वाचायचा, दुसऱ्याने बातमीदार. पिशाच जवळजवळ दिसत नाही, म्हणूनच वाचताना ते चढतं.

व्लादवर वेगळी बैठक नको. स्टोकर १८९० मध्ये इंग्लंडातल्या व्हिटबीला सुटीवर गेला असताना तिथल्या वाचनालयातल्या विल्किन्सनच्या वालाकियावरच्या पुस्तकात त्याला ड्रॅक्युला हे नाव मिळालं. तोवर त्याच्या पात्राचं नाव काउंट वॅम्पायर होतं. व्लादची क्रौर्यकथा त्याच्या टिपणांत नाही, आणि ट्रान्सिल्व्हानियाला तो कधी गेला नाही. व्लाद म्हणजेच ड्रॅक्युला हा समज मुख्यतः १९७२ मध्ये आलेल्या मॅकनॅली आणि फ्लोरेस्कू यांच्या पुस्तकाने पसरवला.

---

रीळ_आणि_पडदा

साहित्याचा क्रम वर आला आहेच. मी प्रतींबद्दल लिहितो, कारण गडबड तिथेच होते.

नोस्फेरातू (१९२२). दिग्दर्शक मुर्नाऊ, सरदार ऑर्लोकच्या भूमिकेत माक्स श्रेक. निर्मात्यांनी पुस्तकाचे हक्क घेतले नव्हते. नावं बदलून काम भागेल असं त्यांना वाटलं. स्टोकरच्या पत्नीने, फ्लोरेन्सने, दावा लावला, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. परदेशी गेलेल्या प्रतींमुळे चित्रपट वाचला.

यूट्यूबवर फिरणाऱ्या बऱ्याच प्रती निव्वळ काळ्या-पांढऱ्या आहेत, आणि त्यांनी कथेचंच नुकसान होतं. त्या काळी रात्रीची दृश्यं दिवसा उजेडात चित्रित करून फिल्मला निळा रंग देत. तो रंग काढला की ऑर्लोक भर दुपारी शवपेटी काखेत घेऊन रस्त्याने चाललेला दिसतो, आणि शेवटी सूर्यकिरणाने मेला की प्रेक्षक विचारतात, मग मघाशी कसा नाही मेला? म्हणून मुर्नाऊ प्रतिष्ठानची २००६ ची दुरुस्त प्रत घ्या. ती १९२२ च्या रंगछटा असलेल्या फ्रेंच प्रतीवर आधारलेली आहे. रात्र निळी, दिव्याच्या उजेडातल्या खोल्या पिवळट, पहाट गुलाबी.

प्रत ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. मजकुराच्या पाट्यांवर नायकाचं नाव हुटर असेल तर ठीक, हार्कर (कादंबरीतल्या नायकाचं नाव) असेल तर ती नंतर नावं बदललेली इंग्रजी आवृत्ती. लांबी ९४ मिनिटांच्या आसपास हवी. तोच पूर्ण चित्रपट ७० मिनिटांत संपत असेल तर सेकंदाला १८ चौकटींच्या गतीचं काम २४ ने पळवलं आहे, आणि माणसं तुरुतुरु चालतात. दुसरी प्रत मिळालीच नाही तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.७५ करा, पण मग त्यातलं संगीत बंद करून वेगळं लावा, कारण तेही ताणलं जातं. ६० मिनिटांची प्रत मात्र कापलेली असते, तिला इलाज नाही.

प्रोजेक्टर सांभाळणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: जंगलातून बग्गी जाते तेव्हा झाडं पांढरी आणि आभाळ काळं दिसेल, बग्गी झटके देत पळेल. तिथे मुद्दाम निगेटिव्ह वापरली आहे आणि एकेक चौकट थांबवून चित्रण केलं आहे. दोष समजून कुणी सेटिंग बदलायला उठू नये. आकार ४:३ ठेवा, पडदा भरायला ताणला की श्रेकचं अरुंद डोकं रुंद होतं आणि भीती जाते. ब्राइटनेस वाढवू नका, त्याऐवजी खिडक्यांना जाड पडदे लावा.

पुस्तकाशी ताडून बघायला दोन जागा. कादंबरीतल्या ड्रॅक्युलाची सावली पडत नाही. मुर्नाऊने नेमकी सावलीच वापरली, जिन्यावरून चढणारी ती बोटं सगळ्यांच्या लक्षात राहतात. आणि उन्हाने मरणं हा शोध याच चित्रपटाचा. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत फिरतो, फक्त त्याची रूप पालटायची शक्ती तेव्हा बांधलेली असते. तो मरतो दोन सुऱ्यांनी: हार्करची कुकरी गळ्यावर आणि त्याचा सोबती क्विन्सी मॉरिसचा बोवी चाकू छातीत. खुंट ठोकला जातो तो पिशाच झालेल्या लूसीला.

ड्रॅक्युला (१९३१). टॉड ब्राउनिंग, बेला लुगोसी, ७५ मिनिटं. हा कादंबरीपेक्षा नाटकावर बेतलेला आहे, म्हणून वाड्यातला पहिला भाग सोडला तर बाकी सगळं दिवाणखान्यातलं बोलणं वाटतं. ट्रान्सिल्व्हानियाला हार्करऐवजी रेनफिल्ड (कादंबरीतला वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण) जातो हेही आधी सांगून ठेवा. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, श्रेयनामावलीला 'स्वान लेक' वाजतं आणि मग लांब शांतता. लोक आवाज गेला समजून मागे वळून बघतात, म्हणून सुरू करण्याआधी घोषणा करा. संगीतकार फिलिप ग्लासने १९९० च्या दशकाअखेरीस या चित्रपटासाठी संगीत रचलं, ते काही डिस्कवर वेगळ्या ट्रॅकवर मिळतं. पहिल्यांदा बघणाऱ्यांना मी ते लावणार नाही, ती शांतता मुद्दाम ऐकण्यासारखी आहे.

त्याच सेटवर रात्रपाळीला दुसऱ्या दिग्दर्शकाने आणि दुसऱ्या नटांनी स्पॅनिश आवृत्ती केली. ती जवळपास अर्धा तास मोठी. कॅमेरा तिथे जास्त हलतो. दहा मिनिटं तुलनेला दाखवा: ड्रॅक्युला जिन्यावर पहिल्यांदा भेटतो ते दृश्य दोन्हींतलं एकापाठोपाठ.

हॅमर या ब्रिटिश कंपनीचा ड्रॅक्युला (१९५८). टेरेन्स फिशर, ख्रिस्तोफर ली, पीटर कुशिंग, ८२ मिनिटं, रंगीत. लुगोसीच्या चित्रपटात सुळे एकदाही दिसत नाहीत. पडद्यावर सुळे असलेला ड्रॅक्युला १९५३ च्या तुर्की चित्रपटात आला, पण जगभर रुजला तो लीचा, लाल डोळे आणि ओठांवर रक्त. इथे पैसे वाचवण्यासाठी समुद्रप्रवास, इंग्लंड, वटवाघूळ, लांडगा सगळं काढून टाकलं, आणि माझ्या मते त्यानेच चित्रपट धारदार झाला. शेवटी ड्रॅक्युलाचं शरीर विघटित होतं त्याचा कापलेला भाग जपानमधल्या प्रतीत सापडून २०१२ च्या दुरुस्तीत परत जोडला गेला, तीच प्रत बघा.

कोपोलाचा १९९२ चा चित्रपट १२८ मिनिटांचा आहे, अडीच तासांत चर्चेला वेळच राहत नाही. तो घरी बघायला सांगा आणि एवढंच शोधायला लावा: पूर्वजन्मीच्या पत्नीचं प्रेमप्रकरण कादंबरीत कुठे आहे? नाही. ते १९७४ च्या दूरचित्रवाणी चित्रपटातून आलं. त्याचे चमत्कार मात्र अभ्यासण्यासारखे आहेत. संगणकाऐवजी दुहेरी छपाई, लहान प्रतिकृती, उलटं चित्रण असे मूकपटाच्या काळातले उपाय वापरलेत. लूसी शवपेटीत परत आडवी होते ते दृश्य नटीने बाहेर येताना चित्रित करून उलटं चालवलं आहे.

कोल्हापुरात हे दाखवताना बाबूराव पेंटरांचा उल्लेख जरूर करा. 'सैरंध्री' १९२० ची, म्हणजे नोस्फेरातूच्या दोन वर्षं आधीची, आणि तिच्यातला कीचकवध अंगावर येतो म्हणून कापावा लागला होता. बर्लिनच्या चित्रपटावर नष्ट करायचा हुकूम होता तरी तो टिकला. आपल्या गावात, कसल्याही हुकुमाशिवाय, त्या काळातलं बहुतेक गेलं. मला याचं फार वाईट वाटतं.

---

शिवाजीपेठकर

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे पुस्तकाचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षं, चित्रपटाचे प्रदर्शनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. स्टोकर १९१२ मध्ये वारला, त्यामुळे मूळ इंग्रजी मजकूर वाचा, छापा, हवं ते करा. मराठी अनुवाद मात्र अनुवादकाचा, त्याची मुदत वेगळी मोजायची. अभिवाचनाला तुम्ही स्वतः केलेला अनुवाद वापरलात तर प्रश्नच नाही. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या साहित्य-नाट्याच्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण ती सूट चित्रपट दाखवायला लागू नाही.

१९२२, १९३१ आणि १९५८ या तिन्हींची ६० वर्षं संपली आहेत. १९९२ च्या चित्रपटाचे हक्क २०५२ अखेरपर्यंत. दोन ठिकाणी पाय घसरतो. जुन्या चित्रपटाला नव्याने दिलेलं संगीत आणि नवी उपशीर्षकं यांचे हक्क स्वतंत्र असतात, म्हणून डिस्क विकत घेतली तरी त्या प्रतीच्या वितरकाला एक ईमेल करून लेखी होकार घ्या. दुसरं, घरगुती ओटीटी खात्यावरून सभागृहात दाखवू नका, त्यांच्या अटींत ते बसत नाही.

शिवाय १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं, हक्क संपले म्हणून ही अट जात नाही. पोस्टर लावून येईल त्याला आत घेणार असाल तर आधी वकिलाला दाखवून घ्या. नोंदवलेल्या सदस्यांपुरता कार्यक्रम ठेवलात तरी वयाची अट लिहा, हॅमरच्या चित्रपटाला लहान मुलं नकोत.

---

कट्टेकरी_राजारामपुरी

लई उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. आता क्रम असा दिसतोय: पोलिडोरी, कार्मिला, ड्रॅक्युलाचं वाचन, मग तीन चित्रपट. झग्याचं मात्र राहिलं. आमच्या नटाला कप्तानाच्या रोजनिशीनंतर दोन मिनिटं झग्यात यायचं आहे, आणि अंधार न करता दिसेनासं व्हायचं आहे. नाटकात हे कसं करत?

---

तिसरी_घंटा

झगा रंगभूमीनेच दिला. कादंबरीत झगा एकदा येतो, ड्रॅक्युला भिंतीवरून पालीसारखा उतरताना वाऱ्यावर पसरतो तेव्हा. उंच कॉलरचा झगा हॅमिल्टन डीनच्या १९२४ च्या नाटकातला, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. नट प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला की कॉलरमागे डोकं पूर्ण झाकतं. बाकीची पात्रं त्याला धरतात, तो खालच्या झडपेतून निसटतो, त्यांच्या हातात रिकामा झगा उरतो. हेच नाटक सुधारून १९२७ मध्ये ब्रॉडवेवर गेलं, तिथे लुगोसी आला आणि झग्यासकट पडद्यावर गेला.

झडपेची युक्ती त्याच्याही शंभर वर्षं आधीची आहे. पोलिडोरीच्या कथेवरून १८२० मध्ये लंडनला प्लँशेचं नाटक झालं, त्यासाठी जमिनीत किंवा भिंतीत बसवायची दोन पाखांची झडप बनवली. अंगाच्या भाराने पाखं आत उघडतात आणि स्प्रिंगने लगेच मिटतात, पलीकडे माणसं ब्लँकेट ताणून उभी. भाड्याच्या सभागृहात हे करू नका, पाय मोडेल.

तुम्ही असं करा. पाच फूट आठ इंचाच्या नटाला गळ्यापासून घोट्यापर्यंत साधारण १४० सेंटीमीटर लागतं. अर्धगोल झगा कापायचा तर गळ्याची त्रिज्या १३ धरून एकूण त्रिज्या १५३ होते, म्हणजे ६० इंच पन्ह्याचं काळं कापड सव्वातीन मीटर, आणि आत अस्तर हवं असेल तर तेवढंच साटीन. कापड जड घ्या, टेरिकॉट हवेत फुगतं. कॉलर ३० सेंटीमीटर उंच, आत बकरमचे (कडक अस्तराच्या कापडाचे) दोन थर, नाहीतर पहिल्याच वळणाला ती मान टाकते. खांद्यांत १२ गेजची तार शिवून घ्या, म्हणजे आतला माणूस गेला तरी आकार क्षणभर टिकतो. तारेची टोकं कापडाने गुंडाळा. गळ्याला नाडी किंवा हूक नको, वेल्क्रोचा एकच तुकडा लावा, एका हाताने सुटला पाहिजे.

निसटायला मागचा काळा पडदा मधोमध कापून दोन्ही काठ ४० सेंटीमीटर एकमेकांवर चढवा. नट पाठमोरा, पडद्यापासून एक पाऊल अंतरावर. दुसऱ्या नटाने दोन्ही खांदे धरले की वेल्क्रो सोडायचा, गुडघ्यात वाकून फटीतून आत. धरणाऱ्याने मनात तीन आकडे मोजून मगच झगा खाली सोडायचा. चुकतं ते इथेच, घाईत लवकर सोडला जातो आणि पडद्याची हलती फट दिसते. समोरून उजेड ठेवा, मागून एकही दिवा नको, कारण मागचा दिवा झग्यातून आरपार दाखवतो.

---

रंकाळ्याकाठी

वेताळाचं उत्तर राहिलं होतं. पूर्वज म्हणून त्याला यादीत घालू नका. सोमदेवाच्या कथासरित्सागरातला वेताळ स्मशानातल्या प्रेतात शिरतो, विक्रमाला कोडी घालतो आणि शेवटी कपटी भिक्षूपासून त्याला वाचवतो. तो राजाचं रक्त पीत नाही, चावून कुणाला आपल्यासारखं करत नाही. पोलिडोरी ते स्टोकर या धाग्याचं बीज सर्बियातल्या अहवालांत आहे, वेताळाच्या स्मशानात नाही.

पण एक दुवा खरा आहे आणि तो सांगण्यासारखा आहे. इंग्रज प्रवासी आणि अनुवादक रिचर्ड बर्टनने या कथा १८७० मध्ये इंग्रजीत आणल्या. लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक असलेल्या स्टोकरची बर्टनशी गाठ पडली होती, आणि तिथला नट हेन्री आयर्विंग याच्यावरच्या १९०६ च्या आठवणींत त्याने बर्टनचा ओठ वर गेला की सुळा कसा चमकायचा याचं वर्णन केलं आहे. कप्तानाच्या रोजनिशीआधी हे दोन मिनिटांत सांगा. रोजनिशीचा अनुवाद करताना तारखा आणि वाऱ्याच्या दिशा गाळू नका, नोंदी आखूड होत गेलेल्या त्यांच्यामुळेच जाणवतात. वाचन अर्ध्या तासाच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर झग्याला वेळ उरणार नाही.